फोटोत नंबर दिसतोय ना

‘‘बेटा, फोटोत नंबर दिसतोय ना,’’ हे वाक्य माझं आहे. शेजारच्या मुलीला मी ते माझ्या फाटकात उभा राहून ऐकवलं. त्या फोटोतली स्कूटर माझी होती, चालवणारा मी होतो आणि जो नंबर दिसत होता तो तसा दिसावा ही करामतही माझीच होती. हे सगळं माहीत असताना मी बोललो. पुढं मी कॅमेऱ्यांना, रस्त्याला, सर्व्हरला बरीच नावं ठेवणार आहे, आणि ती काही खोटी नाहीत. पण वाचणाऱ्यानं हे पहिलं वाक्य विसरू नये.

आम्ही पडेगावला राहतो. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात कमरेएवढी भिंत. ते खुलताबादकडच्या एका गावचे, शेती असलेल्या घरातले. भाऊ अजून शेती बघतो, हे वाळूजच्या कंपनीत. मी सरकारी कार्यालयात कारकून. आमच्याकडं अशी नोकरी करणाऱ्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात, तसं तेही म्हणायचे. मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या घरात देव्हारा, आमच्या घरात तथागत आणि बाबासाहेब. भिंतीवरून वाट्या मात्र दोन्हीकडून जायच्या.

स्कूटर आम्ही एकाच दिवशी घेतल्या. दसरा त्यांचा मुहूर्ताचा, आमचा दीक्षेचा. गाडी घ्यायला दोघांनाही तोच दिवस चांगला वाटला. मॉडेल एक, रंग पांढराच, आणि नंबरही पाठोपाठचे आले. त्यांच्या गाडीच्या शेवटी पाच, माझ्या गाडीच्या शेवटी सहा. दादांनी दोन्ही गाड्यांना झेंडूचे हार घातले आणि म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, जुळ्या बहिणी हायेत. एकीला ठेच लागली तर दुसरी रडंल.’’

त्यांची गाडी कागदावर त्यांची, पण चालवायची त्यांची मुलगी. विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. सकाळी अंगात सनकोट, तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट अशी निघायची आणि निघताना आमच्या घराकडं बघून एक छोटा हॉर्न द्यायची. माझी बायको शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता म्हणायची, ‘‘निघाली आपली शास्त्रज्ञ.’’

मग कॅमेरे आले. आधी चौकात, मग पडेगाव संपून दौलताबादचा रस्ता लागतो तिथं एका उंच खांबावर. तो रस्ता नुकताच गुळगुळीत झालेला. वेगाची मर्यादा सांगणारी पाटी होती, पण ती कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरमागं. वाढदिवस होऊन गेला तरी बॅनर तसाच. मोबाइलवर मेसेज यायला लागले तेव्हा लोकांना खांब दिसला.

छावणीत आम्ही कार्यालयातली माणसं ज्या हॉटेलात चहा पितो, तिथं दुसरा विषयच उरला नाही. एकाला घरात उभ्या असलेल्या गाडीचं चलान आलं होतं. एकानं गाडी विकून टाकली होती, पण नावावरून उतरवली नव्हती. आता ती कोण कुठं पळवतो ते त्याला मेसेजवरून कळायचं.

‘‘सिग्नल बंद, कॅमेरा चालू. ह्याला म्हणतात विकास,’’ एक जण म्हणायचा.

‘‘खड्ड्याचा फोटो काढ म्हणावं त्याला एखादा.’’

‘‘खड्ड्याला नंबरप्लेट कुठाय?’’

हॉटेलवाले चाचा गल्ल्यावरून म्हणायचे, ‘‘हवालदार था तो हात जोडते थे, मियाँ. अब खंबे के सामने क्या जोड़ोगे?’’

सगळे हसायचे. चाचांचं बोलणं खरं होतं. हवालदाराला सांगता यायचं की घरी कुणी आजारी आहे, पाटी दिसली नाही, चुकलं. तोही कधी ऐकायचा, कधी आपल्याच खिशाचं बघायचा. पण समोर एक तोंड तरी असायचं. खांबाला तोंडच नव्हतं. तक्रार करायची म्हटलं तर संकेतस्थळावर करा. तिथं ओटीपी यायचा नाही, आला तर पान बंद पडायचं. लोक चिडून दमले आणि दमल्यावर ज्यानं त्यानं आपापला उपाय शोधला. कुणी नंबरप्लेट वाकवली, कुणी चिखल फासला. दसऱ्याचा हार तर बऱ्याच जणांच्या नंबरप्लेटवर दिवाळी उलटून गेली तरी लोंबत असायचा. देवाधर्माचं आहे, कोण काढायला लावणार?

मी कारकून. माझा उपायही कारकुनाचा होता. व्हाइटनर.

कागदावरचा चुकलेला आकडा झाकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. हे काम मला बारीक जमतं. एका रविवारी सकाळी गाडी धुतली आणि सहाच्या पोटातली खालची डावी रेघ तेवढी पांढरी केली. जवळ येऊन बघितलं तर कळेल, लांबून नाही. सहाचा पाच झाला. बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की नुसता आकडा बिघडवायचा एवढंच माझ्या मनात होतं, पाच दादांचा आहे हे लक्षात आलं नव्हतं. ते खरं नाही. लक्षात आलं होतं. मला त्याचं हसू आलं होतं. जुळ्या बहिणी, असं मनात म्हणालोही. मग हात धुतले आणि विहारात वंदनेला गेलो. तिथं दर रविवारी पंचशील घेतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. त्या दिवशीही घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी मस्टरवर सही केली आणि कार्यालयातून बाहेर पडलो. असं आम्ही करतो. साहेब दुपारनंतर येणार असले की सही करायची आणि घरची कामं उरकून यायचं. सासूबाई खुलताबादला असतात, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बायकोला मागं बसवून गेलो. तिथं जेवणात वेळ गेला आणि साहेब लवकर येतायत असा फोन आला. येताना मी गाडी पळवली. बायको मागून पाठीवर थापट्या मारत होती, ‘‘अहो, हळू. मशीनवर बसल्यासारखं हादरतंय सगळं.’’ खांब आला तेव्हा मला तो दिसला. व्हाइटनर आहे, असं वाटलं आणि मी वेग कमी केला नाही.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी दादा भिंतीशी आले. मोबाइल हातात.

‘‘भाऊसाहेब, हे बघा. आता माझी पाळी. लई वेगात गाडी पळवली म्हणं.’’

‘‘कुठं?’’ मी विचारलं. मला कळलं होतं.

‘‘आपल्याच खांबाखाली. अन् भर दुपारी! पोरगी तर त्या टायमाला प्रयोगशाळेत असती. आंधळं यंत्र आणून बसवलं आन् डोळसांना दंड लावायलेत. ह्या कॅमेऱ्याला अक्कल असती तर त्यानं असं खांबावर टांगून घेतलं असतं का?’’

मी हसलो. त्यांच्याबरोबर चार शिव्याही दिल्या. अंधार पडल्यावर ओला फडका आणि नखांनी ते व्हाइटनर काढून टाकलं. माझा सहा पुन्हा सहा झाला. मला वाटलं, दादा कुरकुर करतील, भरतील, विसरतील. दिवाळीत त्यांच्याकडं एक चांगलीशी वस्तू देऊ. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फोटो उघडला तो मुलीनंच. दादांना लिंक उघडता येत नव्हती. ती म्हणाली, ‘‘पप्पा, असं कसं भरायचं? फोटो बघू, तक्रार करू. मी करते ना.’’ आमच्या खिडकीतून त्यांचा ओटा दिसतो. ती पायरीवर बसली होती, दादा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. फोटो उघडला आणि दादा आणखी खाली वाकले.

फोटो पाठीमागून काढलेला. पांढरी स्कूटर, हेल्मेट घातलेला पुरुष, मागं सनकोट-स्कार्फमधली बाई, दोन्हीकडं पाय टाकून बसलेली. रस्ता दौलताबादचा. त्या रस्त्यानं दुपारी कोण फिरतं हे पडेगावात सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजची जोडपी म्हैसमाळला त्याच रस्त्यानं जातात. आणि खाली नंबर. शेवटी पाच.

‘‘पप्पा, ही मी नाय,’’ मला तिचा आवाज ऐकू आला.

‘‘मग गाडी कोणाची हाय?’’

‘‘गाडी आपली नसंल. तुम्हीच म्हणला ना, यंत्र आंधळं हाय.’’

‘‘नंबर वाच.’’

‘‘पप्पा...’’

‘‘वाच मोठ्यानं.’’

तिनं वाचला. दादांनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि आत गेले. विद्यापीठात जाऊन विचारायचं म्हटलं तर तिथंही बोभाटा झाला असता. ज्या माणसानं आठवडाभर त्या कॅमेऱ्याला आंधळा म्हटलं होतं, त्यानं त्या दिवसापासून पोटच्या पोरीचं ऐकलं नाही, कॅमेऱ्याचं ऐकलं. मी त्यांना दोष देत नाही. मी असतो तरी तेच केलं असतं कदाचित. आम्ही सगळे यंत्राला शिव्या देतो, पण मुलीचा प्रश्न आला की यंत्र एकदम पुराव्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या फाटकात आली. बायको बाजारात गेली होती. ती माझ्या गाडीकडं बघत होती, मग माझ्याकडं.

‘‘काका, तुमची गाडी पण सेम आहे. तुम्ही पप्पांना सांगा ना.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘हेच की... अशा गाड्या लई असतात. चूक होऊ शकती. तुमचं ते ऐकतात.’’

ती थांबली. मला वेळ देत होती, हे मला आता कळतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं मस्टरवरची माझी सही होती. नंबरप्लेटशी खेळणं हा गुन्हा आहे, त्यात मी सरकारी नोकर, आणि फोटोवर छापलेल्या वेळेला मी कागदोपत्री खुर्चीत बसलेलो होतो. निलंबन, चौकशी, पेन्शन. हे सगळं एका श्वासात आठवलं. आणि मी ते वाक्य म्हणालो.

‘‘बेटा, फोटोत नंबर दिसतोय ना.’’

ती ‘‘व्हय,’’ म्हणाली. एवढंच. आणि भिंतीला वळसा घालून घरी गेली.

गाडी तिच्याकडून काढून घेतली. काही दिवस दादाच तिला विद्यापीठात सोडायचे, आणायचे. मग कंपनीत पाळी बदलली, ते जमेना, आणि तिचं जाणंच बंद झालं. हॉर्न वाजेना. बायको म्हणाली, ‘‘पोरगी दिसत नाही हो.’’ मी म्हणालो, परीक्षा असेल. मग कानावर आलं, स्थळं बघतायत. गाडीवर कुणीतरी मुलगा होता अशी कुजबुज गल्लीत गेली होती. ती कुजबुज बाहेरगावी पोहोचायच्या आत लग्न उरकायचं होतं.

मी काहीच केलं नाही असं नाही. लपून करता येईल तेवढं केलं, आणि लपून करता येण्यासारखं काहीच नव्हतं. एकदा वाहतुकीच्या कार्यालयात गेलो. ‘ओळखीच्या एकाचं’ म्हणून दादांच्या गाडीचा नंबर दिला आणि विचारलं, चलान चुकून दुसऱ्याच्या नावावर गेलं तर काय करायचं. खिडकीतला हवालदार बिचारा माझ्यासारखाच कारकून. त्यानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, ‘‘हे भरलंय की साहेब.’’

‘‘पण चूक असेल तर?’’

‘‘भरलं म्हणजे कबूल केलं. विषय बंद.’’

‘‘कुणाशी बोलावं लागेल?’’

‘‘माझ्याशी बोलताय ना. पण माझ्या हातात काय नाय. फोटो मशीन काढतंय, नंबर मशीन वाचतंय, मेसेज सर्व्हर पाठवतंय. आम्ही इथं लोकांच्या शिव्या खायला.’’

दादांनी ते भरून टाकलं होतं. ज्यांनी भांडायचं ठरवलं होतं त्यांनी फोटो बघताच गुपचूप भरलं, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. घरी येताना त्याच खांबाखालून पुढं एक चक्कर मारली, सावकाश. काय बघायला गेलो होतो कोण जाणे. बॅनर उतरला होता. आता पाटी स्पष्ट दिसत होती.

दादांना सांगायचं मी रोज ठरवत होतो. भिंतीशी जायचो, ते पाण्याचा पाइप धरून उभे असायचे. एकदा तर ‘‘दादा, त्या फोटोचं...’’ असं म्हणालोही. ते म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, तो विषय नको. तुम्ही घरातले म्हणून तुमच्यापासून लपवलं नाय. पण नको.’’ त्यांचे डोळे भरले होते. मी गप्प बसलो आणि त्यांच्या दुःखाचा मान राखला असं स्वतःला पटवलं.

लग्न झालं. आम्ही गेलो. बायकोनं तिच्यासाठी ब्लाउज शिवले, मापाला ती आमच्याकडं आली तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो. मुलगा बीडकडचा, त्यांचं खताचं दुकान. एम.एस्सी. शेवटच्या वर्षाला राहिली ती राहिलीच.

बायकोला कळलं ते लग्नानंतर. दादांच्या बायकोनं एक दिवस मन मोकळं करताना तिला तो फोटो दाखवला. काढून टाकायचा त्यांना धीर झाला नव्हता. बायको घरी आली. आत जाऊन तिनं आपला सनकोट आणला आणि माझ्यासमोर पलंगावर टाकला. विकत घेतला तेव्हा तो तिला आखूड झाला होता, म्हणून तिनं खाली निळ्या कापडाची पट्टी लावली होती. उरलेल्या पडद्याचं कापड.

‘‘ही पट्टी माझी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘फोटोत दिसती.’’

मी तिला सगळं सांगितलं. व्हाइटनर, मस्टर, फाटकातलं ते वाक्य. ती ऐकत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, मला ओढत भिंतीपाशी नेईल.

‘‘आता काय करायचं?’’ मी विचारलं.

‘‘मला विचारता? आता सांगितलं तर तिच्या सासरी जाणारच. इतके दिवस त्यांना काहीच माहीत नाही. त्यांच्या कानावर पहिल्यांदा काय जाईल? फोटो. खुलासा मागनं जाईल, आणि तो कोण ऐकतंय?’’ मग ती म्हणाली, ‘‘ज्या दिवशी ती आली होती, त्या दिवशी बोलायचं होतं. मी बाजारात नसते तर मी बोलले असते.’’

तो कोट तिनं परत घातला नाही. फाडलाही नाही. मशीनच्या खालच्या कप्प्यात आहे.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले होते. संध्याकाळची ओट्यावर बसायची, पाय पुढं सोडून. कोपऱ्यात त्यांची स्कूटर झाकून ठेवलेली, झाकणावर धूळ. मी रोज कार्यालयातून येताना मान खाली घालून आत जायचो. एक दिवस तिनंच हाक मारली.

‘‘काका, काय म्हणतंय ऑफिस?’’

मी फाटक उघडून त्यांच्या अंगणात गेलो. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो. बायको आमच्या खिडकीत होती. मशीनचा आवाज थांबला.

‘‘बेटा, त्या फोटोत...’’ मी म्हणालो.

‘‘काकू होत्या,’’ ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती झाकलेल्या गाडीकडं बघत होती.

‘‘निळी पट्टी. काकूंचा कोट मी रोज गच्चीवर वाळताना बघायचे. फोटो मोठा केला तेव्हाच दिसली.’’

‘‘मग तू त्या दिवशी...’’

‘‘म्हणून तर आले होते तुमच्याकडं. पप्पांना मी सांगितलं असतं तर म्हणले असते, आपलं शेण शेजाऱ्याच्या दारात टाकती. अन् तुमच्या गाडीला तर सहा आहे.’’ ती थोडं हसली, हसण्यासारखं काही नव्हतं. ‘‘वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. तुम्ही दर रविवारी पांढरे कपडे घालून विहारात जाता, ते बघायचे मी. वाटायचं, काका खोटं नाय बोलणार.’’

मी म्हणालो, तू सासरी आहेस, बोललो तर त्रास होईल, म्हणून आता... ती मध्येच म्हणाली, ‘‘सासरी मला काय त्रास व्हायचा तो होतोच. त्याला फोटो लागत नाय.’’ मग म्हणाली, ‘‘शिक्षण काय परत येणार नाय, काका. ते जाऊ द्या. पण पप्पा अजून माझ्याशी नीट बोलत नाय. बाळ झालं की त्याला बघतील, माझ्याकडं बघत नाय.’’

आत भांड्यांचा आवाज येत होता. तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली, ‘‘पप्पा! जरा बाहेर या. काका काही सांगतायत.’’

दादा आले. बनियनवर, हात पुसत. मला पायरीवर बसलेला बघून म्हणाले, ‘‘अहो भाऊसाहेब, खाली काय बसलात? खुर्ची आणतो.’’

‘‘नको,’’ मी म्हणालो आणि उभा राहिलो. नोकरीचं काय होईल, गल्ली काय म्हणेल, हे सगळं तेव्हाही डोक्यात होतं. ते गेलं नव्हतं. मी धीट झालो म्हणून बोललो नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि पुन्हा एकदा ‘‘व्हय’’ म्हणून ती आत गेली असती, तर ते मला सोसलं नसतं.

‘‘दादा,’’ मी म्हणालो, ‘‘त्या फोटोतली गाडी माझी होती. मागं माझी बायको होती. सहाचा पाच मी व्हाइटनर लावून केला होता. ही पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती आणि मला ते माहीत होतं. बेटा, तुझी वर्षं मी परत देऊ शकत नाही. दादा, तुमची पोरगी मी तुमच्यापासून तोडली. मी चुकलो. मला माफ करा असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण माफी मागतो. तुझी आधी, बेटा. मग तुमची.’’